विस्तवाची भिंत

आमच्या शिरूर तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा माणूस आधी विस्तव शोधतो. माझ्या लहानपणी कारेगावात तो आईच्या चुलीत असायचा. चुलीवर तवा, वैलावर कालवण, आणि आहारावर टम्म फुगणारी भाकरी. तुराट्या ओल्या निघाल्या की मात्र नुसता धूर. फुंकणी फुंकून आईचे डोळे लालभडक व्हायचे. चुलीच्या आठवणी काढताना लोक भाकरीची चव सांगतात, धुराचं नाव काढत नाहीत. ती चव आम्ही सगळ्यांनी खाल्ली. धूर तिनं एकटीनं.

रात्रीची लाइट असली की उसाला पाणी धरायला वडिलांबरोबर जायचो. बांधावर पाचट पेटवून हात शेकायचे, एवढंच त्या विस्तवाचं काम.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याच्या भागात दिसू लागलं. आमच्या आळीत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी बायाबापड्या चुली लवकर आटपून टीव्हीवाल्याच्या ओसरीवर जमू लागल्या. घरात माणसं कुठं बसतात हे तोवर चूल ठरवायची. ते आता टीव्ही ठरवू लागला. माजघर ओस पडलं. आई तिथंच राहिली, कारण भाकऱ्या तिलाच करायच्या होत्या.

पुढं रांजणगावची एमआयडीसी उभी राहिली. शिवारात बाजरी होती तिथं फ्रिज, मोटारी आणि टीव्हीसुद्धा बनू लागले. मीही एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. भट्ट्यांचे हीटर, कॉइल, थर्मोस्टॅट यांत आयुष्य गेलं.

आता आई थकली आहे. गुडघ्यांमुळे ती आपल्या खोलीतच असते आणि हिवाळ्यात ती खोली गारठते. तिनं कोळशाची शेगडी मागितली. मी ठाम नाही म्हणालो. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हणून मी तिच्या पलंगासमोर विजेची शेगडी आणि टीव्ही यांची भिंत स्वतः बांधायला घेतली.

आपल्या भिंती विटांच्या; शेगडी आत बसवायला जागा नसते. म्हणून जीआय चॅनलचा सांगाडा भिंतीपासून सहा इंच पुढं घेतला, त्यावर जिप्सम बोर्ड मारले, वायरी आतल्या पाइपातून नेल्या. शेगडीचा हीटर 1500 वॅटचा, म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. त्याला वेगळी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग दिलं. गरम हवा समोरून बाहेर पडते ना, हे आधी हात धरून पाहिलं, मगच वर अंतर सोडून टीव्ही टांगला. सजावटीच्या फोटोंत टीव्ही फार उंच लावलेला असतो. पडून बघणाऱ्याची मान त्यानं अवघडते. मी उंची आईच्या उशीवरून मोजली.

शेगडीत दिसणारी ज्वाळा म्हणजे उजेडाची करामत. खाली एलईडी, त्यांच्यापुढं फिरणारा चकचकीत पात्यांचा दांडा, आणि त्यावरून उडालेला उजेड मागच्या पडद्यावर नाचतो. हीटर बंद ठेवूनही ज्वाळा चालते. वीज नगण्य लागते. पहिल्या संध्याकाळी आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आरं, धूर न्हाई याला.” माझ्या सगळ्या खटाटोपाचं तेच मोल.

आता नातवंडं अभ्यासाला तिथंच बसतात. बायको भाजी निवडायलाही तिथंच येते. बेडरूममध्ये टीव्ही नको म्हणणाऱ्यांचं मला पटतं, तो माणसांना आपापल्या खोलीत कोंडत असेल तर. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला घरात जाता येत नाही, तेव्हा घरानं त्याच्याकडं गेलं पाहिजे.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं. हीटर ताशी दीड युनिट घेतो. घरातली वायर जुनी असेल तर आधी ती बदला, एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावू नका. आणि अशी भिंत जमली नाही तरी चालेल, पण थंडीत दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवू नका.