शिआनच्या मोहल्ल्यातली रोटी

चीनचे लोक भातच खातात, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. दक्षिण चीनपुरता तो बराचसा खरा; उत्तरेत मात्र गव्हाचे राज्य आहे. त्यातही शिआन हे शहर आपल्यासारख्या वाचकांना जवळचे वाटावे असे. जुन्या काळी त्याचे नाव चांगआन. तांग घराण्याची ही राजधानी. रेशीम मार्गाचे पूर्वेकडचे टोक इथेच होते. अरब, इराणी आणि मध्य आशियाई व्यापारी इथे आले, काही इथलेच झाले. त्यांच्या वंशजांना आज हुई मुसलमान म्हणतात.

शहराच्या जुन्या नगारखान्यामागे त्यांचा मोहल्ला आहे. तिथली मोठी मशीद परंपरेने इ.स. ७४२ ची मानली जाते. आजच्या वास्तू मुख्यतः मिंग काळापासूनच्या, १३९२ नंतरच्या. छपरे चिनी, अंगणे चिनी, मिनारसुद्धा अष्टकोनी चिनी मनोऱ्यासारखा. किब्ला मात्र पश्चिमेला. हॉटेलांच्या पाट्यांवर 'छिंगझन' हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ 'शुद्ध आणि सत्य'. म्हणजे आपला हलाल.

या मोहल्ल्याचे खास जेवण 'यांगरोउ पाओमो', म्हणजे मटणाच्या रश्श्यात भिजवलेली रोटी. 'मो' ही रोटी वेगळ्याच पद्धतीची. बहुतेक कणीक बिनखमिराची, तिच्यात थोडीशीच खमीर आलेली कणीक मिसळतात. खूप तिंबून, जाड गोल थापून ती लोखंडी तव्यावर भाजतात. रोटी मुद्दाम घट्ट आणि जरा कच्चट ठेवतात, कारण पुढे ती रश्श्यात शिजायची असते. मऊ पाव असता तर लगदाच झाला असता.

पुढचे काम पाहुण्याचे. समोर रिकामा वाडगा आणि एक-दोन रोट्या येतात. त्या हाताने कुस्करायच्या, तुकडे सोयाबीनच्या दाण्याएवढे. सुरीने केलेल्या तुकड्याच्या कडा गुळगुळीत राहतात. हाताने तोडलेल्या खरबरीत कडांत रस्सा मुरतो. या कामाला अर्धा तासही लागतो आणि तेवढ्यात गप्पा रंगतात. मग वाडगा नंबर लावून स्वयंपाकघरात जातो. आचारी त्यात रस्सा, मटण आणि शेवया घालून पुन्हा उकळतो. रस्सा किती हवा तेही सांगायचे असते: पार आटलेला, शेवटी एक घोट उरेल इतका, किंवा भरपूर. या भरपूर रश्श्याला 'तटबंदीभोवतीचे पाणी' म्हणतात. सोबत गोड मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी. खाताना ढवळायचे नाही. कडेकडेने, रेशमाचा किडा पान खातो तसे खायचे.

ईदला आणि मयताच्या फातेह्याला हुई घरांत 'योउशियांग' तळतात. शब्दाचा अर्थ 'तेलाचा सुगंध'. फुगलेल्या कणकेची ही जाडसर गोल पुरी. अनेक घरांत तळणारे आधी वजू करतात. ती अख्खी चावत नाहीत, हाताने तोडून खातात आणि शेजारीपाजारी वाटतात. याच देशाच्या पश्चिमेला, शिंजियांगमध्ये, उइगुर लोक मातीच्या 'तोनुर'मध्ये नान भाजतात. मधला भाग फुगू नये म्हणून पिसांच्या देठांच्या ठशाने त्याला टोचे देतात. आपला तंदूर आणि त्यांचा तोनुर हे एकाच शब्दाचे दोन उच्चार.

हुई लोकांची घरची भाषा चिनी आहे. अरबी-फारसी त्यांच्या बोलण्यात सलाम-दुआपुरती उरली. तरीही शेकडो वर्षांत दस्तरखानाची ओळख पुसली गेली नाही. मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना 'तुमची भाषा कोणती?' असा प्रश्न अनेकदा ऐकावा लागतो. शिआनचा मोहल्ला त्याचे उत्तर शांतपणे देतो. भाषा त्या मातीची, कपडे त्या हवामानाचे, छप्पर तिथल्या सुताराचे; आणि ईमान आपले. या दोन्हींत भांडण नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याही घरी करण्यासारखी आहे. उरलेली रोटी टाकू नये. रश्श्यात कुस्करून, सगळ्यांनी मिळून बसून, बिस्मिल्लाह म्हणून खावी. वेळ थोडा जास्त लागेल, पण घरच्यांना एकमेकांशी बोलायला तेवढीच सवड मिळेल. बरकत तिथेच असते.