गळालेल्या नोंदी

तार. जवान लढाईत कामी आला की घरी तार यायची, बहुतेक इंग्रजीतली, दोन-तीन ओळींची. पोस्टमन ती घरच्यांच्या हातात द्यायला धजायचा नाही. गुरुजींना नाहीतर पोलीसपाटलाला गाठायचा. गुरुजी आधी मनातल्या मनात वाचायचे आणि तेवढ्यात ओसरीवरच्या बायांना कळायचं ते कळायचं. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, पण तोवर तिचं हे काम मोबाइलनं कधीच काढून घेतलं होतं. आता युनिटमधून फोन येतो. त्याच्या आधी पुष्कळदा चॅनलची पट्टी येते, आणि पट्टीच्याही आधी गावच्या ग्रुपवर फुलांचा हार घातलेला फोटो. आधी घर, मग गाव, मग देश, हा ऐकण्याचा क्रम होता. तो उलटा झाला आणि त्याबद्दल कुणी तक्रारही केली नाही.

सर्व्हिस बुकातला फोटो. केस बारीक, नजर समोर, ओठ मिटलेले. पेपरात दोन बोटं रुंद, आतल्या पानावर. त्याच्या जागी आता सुट्टीवर आला असतानाची रील लागते, मागे गाणं.

काळी ट्रंक. 1962, 1965, 1971 या लढायांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीवरच झाले. 1962 ला रेझांग लाच्या लढाईत पडलेल्या जवानांचे बर्फात गोठलेले देह 1963 च्या सुरुवातीला सापडले, तेही चुशूललाच अग्नीला दिले. घरी यायची ती ट्रंक. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, नाव, पलटण. आत कांबळं, दाढीचं सामान, घरून गेलेली आंतर्देशीय पत्रं. पुढे तिच्यात ज्वारी नाहीतर पोरांची पुस्तकं राहायची. नाव मात्र कुणी खरवडलं नाही.

1999 ला ट्रंकेच्या जागी पेटी आली. कारगिलमध्ये 527 जवान गेले आणि त्यांचे देह विमानानं, मग लष्करी ट्रकनं थेट गावात पोचवले गेले. हा निर्णय माणुसकीचा होता, त्यावर मी शंका घेणार नाही. ज्या आईला मुलाचं तोंड पाहायला मिळालं तिला विचारा. पण त्याच निर्णयानं लढाईतला मृत्यू पहिल्यांदा मतदारसंघात येऊन पोचला. एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मतानं पडलेलं, कामचलाऊ सरकार लढाई चालवतंय, सप्टेंबरात मतदान. कॅमेरे पेटीमागोमाग गावात शिरले आणि पालकमंत्री, आमदार, जिल्हाध्यक्ष कॅमेऱ्यांमागोमाग. नंतर पेट्यांचीच भानगड झाली. कॅगच्या 2001 च्या अहवालानंतर अमेरिकेतून आणलेल्या अॅल्युमिनियमच्या पेट्यांच्या किमतीवरून संसद ठप्प झाली. विरोधक संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसांना बोलू देईनात, ‘कफनचोर’ म्हणून ओरडत. पुढे न्यायालयात प्रकरण टिकलं नाही. अमेरिकेत तेव्हा वेगळीच तऱ्हा होती. डोव्हरच्या विमानतळावर उतरणाऱ्या पेट्यांचे फोटो काढायला 1991 पासून 2009 पर्यंत बंदी होती. त्यांना पेटी दिसली तर मतं जातील अशी भीती, आपल्याकडे दिसली नाही तर.

वीरगळ. गावाच्या वेशीवर, देवळामागे, ओढ्याकाठी. तीन-चार कप्प्यांचा दगड: खाली झुंज, बऱ्याचदा गुरं वळवून नेणाऱ्यांशी, मध्ये अप्सरा त्याला वर नेताहेत, माथ्याला तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि चंद्रसूर्य. आपल्याकडच्या वीरगळांवर लेख क्वचितच असतो. मेला कोण हे ठाऊक नाही, पण कशासाठी मेला ते दगडावर स्पष्ट कोरलेलं आहे: गावाची गुरं. आज पुष्कळ वीरगळ धुण्याचा दगड झालेत, काहींना शेंदूर फासून देव केलंय.

त्यांच्या जागी फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. मेलेला जवान मध्ये; वर पक्षाचे श्रेष्ठी, खाली नगरसेवक, कोपऱ्यात शुभेच्छुक मंडळ. मी एका फ्लेक्सवर जवानाचा चेहरा शोधावा लागताना पाहिलं आहे. हे फ्लेक्स पहिल्या पावसापर्यंत टिकतात. कुणी काढत नाही, पुढच्या वाढदिवसाचा वर चढतो.

नुसता आकडा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी साताऱ्याकडे, कोकणात गावोगाव दगडी पाट्या बसवल्या: या गावातून लढाईवर इतके गेले, त्यातले इतके मेले. अपशिंगे मिलिटरी गाव आपल्या 46 जणांची आठवण सांगतं. मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात आणि त्याआधीच्या-नंतरच्या झुंजींत मराठा पलटणी होत्या. तिथल्या मृतांसाठी बसऱ्याला जे स्मारक झालं त्यावर गोऱ्या शिपायांचीसुद्धा नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीमागे फक्त आकडा. 1997 मध्ये सद्दामनं ते स्मारकच उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं. म्हणजे नाव गाळणं हा काही आजचा शोध नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकानं 2019 मध्ये पंचवीस हजारांवर नावं कोरली, ती 1947 नंतरच्यांची. ते चांगलं झालं.

ज्यांचा कुणालाच उपयोग नव्हता ते. श्रीलंकेत 1987 ते 1990 मध्ये भारतीय शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान मेले. ज्यांनी पाठवलं तो पक्ष विरोधात बसला होता, ज्यांनी परत बोलावलं त्यांना ते प्रकरण नको होतं, आणि मद्रासच्या बंदरात उतरलेल्या शेवटच्या तुकडीच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्यांच्यासाठी स्मारक उभं राहिलं ते श्रीलंका सरकारनं, कोलंबोजवळ बांधलेलं. आपल्या चॅनलांच्या ‘शौर्यगाथां’त ही तीन वर्षं सहसा लागत नाहीत.

चौकशी. ही नोंद माझ्या मते सगळ्यांत मोठी. कारगिल संपलं 26 जुलै 1999 ला, आणि 29 जुलैला के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गुप्तचर कुठे चुकले, घुसखोर इतके वर चढेपर्यंत कळलं कसं नाही, हे तिनं लिहिलं. काही पानं झाकून का होईना, अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत ठेवला गेला. (1962 च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारनं अजून खुला केलेला नाही, तेव्हा जुनं ते सगळं सोनं असंही नाही.) पुलवाम्यात 14 फेब्रुवारी 2019 ला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले, त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. आरोपपत्र साडेतेरा हजार पानांचं झालं, पण ते हल्ला करणाऱ्यांवर. अठ्ठ्याहत्तर गाड्या आणि अडीच हजारांवर माणसं एकाच ताफ्यात त्या रस्त्यानं का निघाली, याचं उत्तर देणारा अहवाल लोकांपुढे आला नाही. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगानं मार्चमध्ये पक्षांना बजावलं. एप्रिलच्या 9 तारखेला लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्यांना विचारलं, तुमचं पहिलं मत बालाकोटवर हवाई हल्ला करणाऱ्या वीरांना आणि पुलवाम्याच्या शहिदांना अर्पण होईल का. आयोगाला त्यात काही वावगं दिसलं नाही. निवडणूक आयुक्त अशोक लवासांनी तेवढं वेगळं मत नोंदवलं. आणि कुणी ताफ्याबद्दल विचारलंच तर तो जवानांचा अपमान ठरला. जवानाच्या बापानं विचारलं तर मात्र कॅमेरा दुसरीकडे वळायचा.

पेन्शन. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचिनवर बुलढाण्याचाच एक अग्निवीर गेला. चार वर्षांची भरती, त्यातलं एकही पुरं झालेलं नव्हतं. दिल्लीत लगेच जुंपली: विरोधक म्हणाले घरच्यांना काही नाही, लष्करानं विम्याचे 48 लाख, सानुग्रह 44 लाख असा हिशेब मांडला. दोघांचंही आपापल्या परीनं खरं होतं. रक्कम मोठी आहे, आणि पेन्शन नाही. जुन्या पद्धतीच्या जवानाच्या आईला किंवा बायकोला दर महिन्याला पैसे येतात. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे निदान वर्षातून एकदा सरकार विचारतं, बाई, आहात ना. एकरकमी दिलेल्या पैशाला दाखला लागत नाही.