कागदावर हरवलेल्या हिरव्या शिरा



आज पिकापेक्षा प्रिंटरबद्दल जास्त लिहितोय. कंटाळू नका, गोष्ट शेवटी सोयाबीनचीच आहे.

आमच्या घरी चार शायांचा टाकीवाला इंकजेट प्रिंटर आहे. मुलीच्या अभ्यासासाठी घेतला होता. ती शिकायला बाहेरगावी गेली अन् प्रिंटर माझ्या वाट्याला आला. तेव्हापासून शेतातले फोटो छापून नोंदवहीत चिकटवतो. खाली तारीख, वाण आणि पेरणीला किती दिवस झाले ते लिहितो. मोबाईलमध्ये हजार फोटो असतात, पण वेळेला एक सापडत नाही. वही लगेच उघडते.

मागच्या खरिपात सोयाबीन महिन्याचं असताना चुलत थोरल्या भावाला, अण्णांना, एक कागद छापून दिला. त्यांच्याकडं साधा मोबाईल आहे. कागदावर दोन फोटो होते. डावीकडं लोहाची कमतरता, उजवीकडं पिवळा मोझॅक. दोन्हींत पान पिवळंच पडतं. पण लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. उपाय तर पार वेगळे. लोहाला वाफसा आणि फवारणी. मोझॅकचं झाड दिसलं की उपटून नष्ट करायचं, नाहीतर पांढरी माशी तो रोग पुढं नेते.

आठ दिवसांनी अण्णांच्या वावरात गेलो तर बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग. म्हणलं, "अण्णा, हे काय?"

"तुझाच कागद बघून उपटली की. मोझॅक आहे."

ढिगातलं एक झाड उचललं. पानं सुकली होती, पण शिरा हिरव्या दिसत होत्या. जागा पाणी धरणारी, चुनखडीची. वर पाऊस लागून राहिलेला. ते लोहच होतं. पाच-सहा तासांचा पट्टा उगीच गेला.

अण्णांनी खिशातून कागद काढला. उभ्या पिकातलं एक पान तोडून मी त्याच्याशेजारी धरलं, अन् चूक कळली. माझ्या छपाईत डावीकडच्या पानाच्या शिरा तांबूस होऊन पिवळ्यात बुडाल्या होत्या. सगळं पान एकसारखं मातकट दिसत होतं. उजवीकडचे हिरवे चट्टे मोठे, म्हणून ते थोडे तरी टिकले होते. अण्णांच्या पानात पिवळं आणि हिरवं दोन्ही होतं, म्हणून त्यांनी ते उजव्या फोटोशी जुळवलं. त्यांचं काय चुकलं? अण्णा म्हणाले, "जाऊ दे रे." पण मला काही जाऊ देता येईना.

तालुक्याला फोटो स्टुडिओवाला एक मित्र आहे. कागद घेऊन त्याच्याकडं गेलो. त्यानं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो.

मोबाईलचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग बनवतो. प्रिंटर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई वापरतो. एकाची भाषा दुसऱ्याला समजावी म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्यालाच कलर प्रोफाइल म्हणतात. हा दुभाषा एका प्रिंटरला, एका शाईला आणि एकाच कागदाला धरून असतो. यातलं एक बदललं की तो चुकीचं बोलायला लागतो.

माझ्या तीन चुका निघाल्या.

पहिली, कागद साधा झेरॉक्सचा आणि प्रोफाइल चकचकीत फोटो पेपरचं. साध्या कागदात शाई पसरते. बारीक शिरा तिथंच बुडाल्या.

दुसरी, रंगाची दुरुस्ती दोनदा झाली. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल निवडलं, पण प्रिंटरची स्वतःची रंग दुरुस्ती चालूच ठेवली. दोन दुभाषे एकाच वेळी बोलायला लागले, अन् हिरव्यावर तांबूस झाक आली. सॉफ्टवेअरला काम दिलं तर प्रिंटरची दुरुस्ती बंद करायची. प्रिंटरला दिलं तर सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल लावायचं नाही.

तिसरी, टाकीत मिळेल ती स्वस्त शाई भरली होती. कंपनीचं प्रोफाइल कंपनीच्याच शाईवर बेतलेलं असतं.

आता माझी पद्धत अशी. पानाचा फोटो सावलीत काढतो, शेजारी पांढरा कागद ठेवतो. रंग भडक करणारी मोबाईलची सेटिंग बंद. फोटो एसआरजीबीमध्येच ठेवतो, घरच्या कामाला तेवढं पुरतं. कागद मॅट फोटो पेपर, आणि प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकारही तोच निवडतो. सॉफ्टवेअरमध्ये रंग बसवायच्या पद्धतीत 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' आणि 'परसेप्च्युअल' असे पर्याय येतात. पहिल्यात प्रिंटरला जमणारे रंग शक्यतो आहेत तसे राहतात, न जमणारे जवळच्या रंगावर आणले जातात. दुसऱ्यात सगळेच रंग थोडे थोडे आवळले जातात. पानांसाठी मला पहिला बरा वाटला.

छापण्याआधी नोझल तपासणीचं पान काढतो. एखादी शाई तुटक येत असेल तर कितीही चांगलं प्रोफाइल निकामी. मग एकाच कागदावर तोच फोटो लहान आकारात तीन-चार सेटिंगनं छापतो आणि प्रत्येकाखाली सेटिंग लिहितो. रात्रभर वाळू देतो. सकाळी ओसरीच्या उजेडात ताजं पान शेजारी धरून बघतो. रात्री दिव्याखाली निवडलेलं सकाळी वेगळंच दिसतं, हा अनुभव आहे. शाई फार जाते म्हणून घरात बोलणी बसतात, पण ढीगभर झाडांपेक्षा शाई स्वस्त.

आणखी एक. भातवाल्या मित्रांनो, पानाचा रंग बघून युरिया ठरवायचा जो पानरंग तक्ता असतो, त्याचा फोटो काढून घरी छापू नका. त्या तक्त्यात रंग हेच माप आहे. मापच चुकलं तर युरियाही चुकणार. तयार तक्ताच वापरा.

कृषी खात्यातले, विद्यापीठातले वाचक इथं आहेत. तुम्हालाही विनंती, छापील पत्रक वाटण्याआधी एकदा खऱ्या पानाशेजारी धरून बघा.

यंदा अण्णांना नवा कागद दिला. त्यावर पेननं लिहिलं, 'रंगावर जाऊ नका, शिरा बघा, आणि उपटायच्या आधी मला हाक मारा.' अण्णा वाचून हसले. परवा बांधावरून हाक आली. गेलो तर हातात एक पान, शिरा हिरव्यागार. झाड मात्र अजून जमिनीतच होतं.