फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला जुने प्रोसेसर चालत नाहीत, म्हणून छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत, पतसंस्थांत अख्खे संगणकच बदलले जाताहेत. त्यांच्याबरोबर काय काय चाललंय?

२५ पिनांचं प्रिंटर पोर्ट. त्यात बसणारा मराठी सॉफ्टवेअरचा लॉक. तो काढला की मराठी बंद.

डॉसवरचं फॉक्सप्रो. ठेवीदारांची खाती, पगारपत्रकं. ३२-बिट विंडोज १०वर ते कसंबसं चालायचं. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही.

पानं लावायचं पेजमेकर ७, २००१ सालचं, शेवटचं.

टाइपरायटरवर घडलेली बोटं. टायपिंगची परीक्षा देऊन आलेले ऑपरेटर हस्तलिखितावरून नजर न हलवता पानं लावत. त्यांच्या सवयीची कळांची मांडणी नव्या विंडोजमध्ये आपसूक येत नाही. या माणसांच्या हातून मराठीची किती पुस्तकं गेली, याची नोंद कुणी ठेवलेली नाही, आणि ती ठेवायला हवी होती.

आणि डी ड्राइव्ह. दिवाळी अंक, स्मरणिका, गावच्या यात्रेची पत्रकं, कवितासंग्रह. या फायलींत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले आहेत. फॉन्ट गेला की पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही आणि आपली पुस्तकं पेजमेकरमध्येच लागत राहिली. कन्व्हर्टर मिळतात, मात्र प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची जुळणी वेगळी, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर; कन्व्हर्टर चुकला की दोन्ही भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. मग ओळ न् ओळ मुद्रितशोधकाने तपासायची. छापील प्रत हाताशी नसेल तर तीही कशावरून तपासणार?

लेखक गेलेला, प्रकाशन बंद पडलेलं, आवृत्ती संपलेली. अशा कितीतरी पुस्तकांची एकुलती फाइल त्या संगणकात असेल आणि उद्या तो भंगारवाल्याच्या टेम्पोत चढेल.

हार्ड डिस्क आधी काढून घ्या. फाइल, तिचा फॉन्ट आणि पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये ठेवा. जुना ऑपरेटर गावात असेल तर त्याला बोलवा, कुठल्या फाइलला कुठला फॉन्ट ते त्यालाच ठाऊक असतं. त्याने सांगितलेलं नाव तिथेच लिहून ठेवा.