कूलरमागचे बिऱ्हाड

बेळगावहून निघालेली गोवा एक्स्प्रेस पुणे, भुसावळ, इटारसी करीत भोपाळला पोचेपर्यंत माणसाचा पापड होतो, आणि महिना मे असेल तर भाजलेला पापड. तरीही मी दोन-तीन वर्षांनी एकदा ही वारी करतो. निकाल, दाखले, पुढच्या वर्षाचे वेळापत्रक यांतून मुख्याध्यापकाच्या वाट्याला जी थोडी सुट्टी उरते, तिच्यातले आठ दिवस अक्काचे.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. १९७८ साली लग्न होऊन भोपाळला गेली. दाजी रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. ते १९९७ साली गेले. अक्का आता अशोका गार्डनमधल्या घरात तळमजल्यावर राहते, वर भाचा, सून आणि अकरा वर्षांचा नातू. सत्तेचाळीस वर्षे तिकडे काढूनही तिची भाषा खानापूरचीच आहे, फक्त मधूनमधून हिंदीची फोडणी पडते. २०२५ च्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "बाळू, त्या खिडकीशी जाऊ नकोस हं. ततैये आहेत."

ततैये म्हणजे गांधीलमाश्या. मागच्या खिडकीला कूलर बसवलेला होता आणि त्याच्या पाठीशी, गजांच्या वरच्या चौकटीला, तळहाताएवढे करडे पोळे लटकत होते. वरून एका बारीक देठाला टांगलेले, खाली सहाकोनी घरे उघडी. त्यावर वीस-पंचवीस पिवळ्या माश्या, कंबर कसलेल्या. काही जणी कूलरच्या ओल्या खसाच्या ताट्यांवर बसून पाणी पीत, पोळ्यावर जाऊन ते शिंपडत आणि पंखांनी वारा घालीत. उन्हाळ्यात आपली पिल्ले शिजू नयेत म्हणून या माश्या असेच करतात. म्हणजे एकाच खिडकीत दोन कूलर चालू होते, एक विजेवर आणि एक बिनविजेचा. मला मोठी गंमत वाटली.

भाच्याला वाटली नाही. अक्काची छाती अधू आहे, तोंडाने ओढायचा पंप सतत उशाशी असतो. गांधीलमाशी चावली तर बहुतेकांना नुसती आग आणि सूज येते, पण एखाद्याचा घसा आतून सुजतो आणि श्वासच कोंडतो. अशा वेळी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिनिटांत मिळावे लागते. त्यात मधमाशी एकदा डंख मारून मरते, हिची नांगी मात्र गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा मारू शकते. भाच्याचे म्हणणे बिनचूक होते. त्याने फवारणीवाल्याला फोन करून शनिवारची वेळही ठरवली होती.

अक्का म्हणाली, "फवारणी होणार नाही."

"आई, दोन मिनिटांचं काम आहे. तू वर येऊन बस."

"या घरात नाही म्हणजे नाही."

भाचा माझ्याकडे बघून खांदे उडवून ऑफिसला गेला. घरात डासांची कॉइल लागत नाही, झुरळांची बाटली येत नाही, हे मला आठवले. मच्छरदाणी आणि कडुनिंबाचा पाला यांवर हे घर चालते. इतकी वर्षे मी त्याला अक्काचा हट्ट समजत होतो.

दुपारी ती आपणहून बोलली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होती. दाजी रात्रपाळीला, कुशीत दोन वर्षांचा हा भाचा. मध्यरात्रीनंतर खोकल्याने जाग आली. "मला वाटलं शेजारणीनं मिरच्या जाळल्या. दृष्ट काढतात ना, तशा." डोळे उघडेनात. बाहेर माणसे पळत होती, कुठे ते कुणालाच माहीत नव्हते. तिने पदर हंड्यात बुचकळला, पोराच्या तोंडावर दाबला आणि वाऱ्याकडे पाठ न करता त्याला आडवी धावली. वारा कारखान्याकडून येत होता, हे तिला कुणी सांगितले नव्हते. कसे सुचले, तिलाही ठाऊक नाही. मी तेव्हा दहावीत होतो. आकाशवाणीवर बातमी ऐकून वडील तारऑफिसात जाऊन बसत. "सर्व सुखरूप" ही तार यायला आठवडा लागला. सुखरूप हा शब्द तेव्हा आम्ही अक्षरशः घेतला.

"किडे मारायचंच औषध होतं ते, बाळू," अक्का म्हणाली.

माझ्यातला मास्तर इथे तिला दुरुस्त करायला निघाला होता. जिभेवर आलेले मी गिळले आणि गच्चीवर जाऊन आमच्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला, कारण मी मराठीचा एम. ए.; रसायनशास्त्राशी माझा संबंध हजेरीपटावर सही करण्यापुरता. सर म्हणाले, सुटला तो वायू मिथाइल आयसोसायनेट. तो स्वतः कीटकनाशक म्हणून विकला जात नव्हता, त्यापासून कार्बारिल नावाचे कीटकनाशक तयार होई. टाकीत पाणी शिरले, आतला माल तापला आणि सुमारे चाळीस टन वायू झोपलेल्या शहरावर आला. सरकारी हिशेबानेच बाधितांचा आकडा पाच लाखांवर आहे. आणि ज्या कार्बारिलसाठी हे चालले होते, त्यावर आपल्या सरकारने २०१८ साली बंदी घातली. "म्हणजे ताई म्हणाल्या ते ढोबळमानाने बरोबरच आहे, सर," विज्ञानाच्या सरांनी शेरा दिला. मी तो खाली जाऊन अक्काला सांगितला नाही. चाळीस वर्षे ज्या गोष्टीसह ती श्वास घेत होती, तिला माझ्या फोनवरच्या दुजोऱ्याची गरज नव्हती. त्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत बारा बंद कंटेनरमधून पिथमपूरला हलवला. मी भोपाळात होतो तेव्हा तो तिथे जाळणे चालू होते. जूनअखेर ते संपले.

आता मी माझे सांगतो, कारण त्या रात्री मला झोप आली नाही ती निव्वळ उकाड्याने नव्हे.

२०१६ साली आमच्या हायस्कूलच्या मुतारीच्या वळचणीला गांधीलमाश्यांचे मोठे पोळे झाले होते, सुपाएवढे. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मी शिपायाला म्हणालो, "टेंभा करून जाळून टाक." तो म्हणाला, "सर, रात्री करूया की. आता समद्या जाग्या हाईत." मी म्हणालो, "मुलं गेलीत, आत्ताच उरकून टाक." मुले गेली नव्हती. तिघे खो-खोच्या सरावासाठी मैदानामागे थांबले होते. रॉकेलचा भडका उडाला, अर्धे पोळे जळाले आणि उरलेल्या अर्ध्याने आपला राग जो पहिला दिसला त्याच्यावर काढला. चिरडलेल्या गांधीलमाशीच्या विषाचा वासच इतरांना चढाईला बोलावतो, हे मी नंतर वाचले. नववीतल्या एका मुलाला पंधरा-वीस ठिकाणी डंख झाले. ओठ सुजले, श्वासाची शिटी वाजू लागली. आमच्या एका शिक्षकांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून आरोग्य केंद्रात नेले. पोरगा वाचला.

सोमवारी संस्थेने खुलासा मागितला. मी लिहिले, 'सदर शिपायाने मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय परस्पर पोळे जाळले.' ही ओळ मी हाताने लिहिली, टायपिंगला दिली असती तर क्लार्कला कळले असते. शिपायाची एक वेतनवाढ वर्षभर थांबली. तो माझ्याकडे काही बोलायला आला नाही. रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवीत राहिला, निवृत्त होईपर्यंत.

हे मी अक्काला दुसऱ्या दिवशी सांगितले. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडंही हेच झालं. कुणी सांगितलं होतं, ते शेवटपर्यंत कुणाचंच नव्हतं."

पोळे मात्र काढायलाच हवे होते. भाचा बरोबर होता आणि अक्काही. अक्काने मध्यममार्ग काढला. "मारायचे तर मारू. मी काही अहिंसावादी नाही. पण हवेत काही सोडायचं नाही."

उरलेल्या दोन दिवसांत मी त्या माश्यांच्या संगतीत बराच वेळ घालवला, खोलीच्या आतून, काचेआडून. ही जात जुन्या लाकडाचे धागे जबड्याने खरवडते, लाळेत मळते आणि त्याचा कागद करते. अक्काच्या मागच्या दाराला बारीक पांढरे ओरखडे होते, ते यांच्या कागदगिरणीचे. लटकत्या देठाला त्या एक लेप लावतात, त्याने मुंग्या वर चढत नाहीत. मोठ्या माश्या गोड रसावर राहतात, पण पिल्लांसाठी बागेतल्या अळ्या चावून त्यांचे गोळे आणतात, म्हणून वांगी-टोमॅटोवाल्याची ही विनापगारी राखणदारीण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकरांनी आपल्याकडच्याच एका गांधीलमाशीचा अभ्यास करण्यात अनेक दशके घालवली. त्या पोळ्यातली राणी म्हणे अगदी निरुपद्रवी असते, कुणावर ओरडत नाही. तिला काढली की मिनिटांत दुसरी एक जण पुढे होते, आणि ती कोण हे आधी ओळखू येत नाही. मुख्याध्यापकाने विचार करावा अशी ही माहिती आहे.

अक्काला मात्र कागदवालीपेक्षा कुंभारीण जवळची. तिच्या देवघराच्या कोनाड्यात एका कुंभारणीने मातीचे इवलेसे मडके बांधले आहे, ते ती मोडू देत नाही. वडील चातुर्मासात एकनाथी भागवत वाचत. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशीही येते. ती किडा धरून आणते, घरात कोंडते आणि तिच्या भयाने, तिच्याच ध्यानाने तो किडा तिच्यासारखा होतो. नाथांनी तो ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा केला. मी आठवीत असताना असे एक मडके फोडून पाहिले होते. आत अर्धमेल्या हिरव्या अळ्या आणि त्या खाणारे कुंभारणीचे पिल्लू. अळीची माशी होत नाही, अळी खाऊन माशी होते. वडिलांना सांगितले तर ते म्हणाले, "नाथांचं काही चुकलं नाही, तू मडकं फोडायला नको होतंस." अक्का अजून वडिलांच्याच बाजूची आहे.

शुक्रवारी रात्री साडेनऊला मोहीम निघाली. रात्री सगळ्या माश्या पोळ्यावर असतात आणि अंधारात त्यांना नीट उडता येत नाही. तांबडा उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून टॉर्चच्या तोंडाला नातवाच्या प्रोजेक्टचा लाल जिलेटिन कागद बांधला. रिठ्याचे दाट पाणी अक्काने संध्याकाळीच उकळून गाळून ठेवले होते, त्यात भांड्यांच्या साबणाची एक वडी कुस्करली. साबणाच्या पाण्याने किड्यांची श्वासाची बारीक भोके बुजतात. हत्यार म्हणून नातवाची रंगपंचमीची पिचकारी. मी भाच्याचा रेनकोट, माकडटोपी आणि चष्मा असा वेष केला. मे महिन्यात, भोपाळात. नातू हसून हसून खाली बसला.

अक्काला वरच्या मजल्यावर बसवायचे ठरले होते. ऐन वेळी ती खिडकीच्या आतल्या बाजूला, बंद काचेमागे, टॉर्च घेऊन उभी राहिली. "उजेड मी धरते. तू घाईघाईत इकडंतिकडं मारशील." मी मारली नाही. पिचकारीच्या चार भरण्या. माश्या एकेक करून टपटप खाली बादलीत पडल्या, एकीनेही उड्डाण केले नाही. मग बांबूने देठ खरवडला. सगळे मिळून पाच मिनिटे लागली असतील. काचेपलीकडे लाल उजेड थरथरत होता, अक्काचा हात आता स्थिर नसतो. बादलीकडे बघून ती म्हणाली, "यांनाही श्वासच लागला ना शेवटी." मला उत्तर सुचले नाही. तिने टॉर्च विझवला आणि कूलर सुरू केला.

ते रिकामे पोळे वाळवून मी बिस्किटांच्या डब्यात घालून आणले. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डबा घेऊन शिपायाच्या घरी गेलो. त्याने झाकण उघडून पाहिले. "एवढंसं? आपलं केवढं हुतं, सर." मग आत जाऊन त्याने ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यात माझ्या खुलाशाची प्रत होती. संस्थेने त्याला तेव्हाच दिलेली. म्हणजे माझे अक्षर त्याने नऊ वर्षांपूर्वीच वाचले होते. मी जे बोलायचे ते बोललो. तो म्हणाला, "च्या घ्या की, थंड हुतोय." तो पोरगा आता बेळगावात टेंपो चालवतो, भेटला की हॉर्न वाजवतो, असे त्याच्या बायकोने सांगितले.

जूनमध्ये मी संस्थेला लेखी कळवले की तो हुकूम माझा होता. कागद आवकबारनिशीत चढला. उत्तर अजून आलेले नाही.

दसऱ्याला अक्काचा फोन आला. त्याच चौकटीला नवे पोळे धरले होते, दोन रुपयांच्या नाण्याएवढे, एकटीच माशी. "मग?" मी विचारले.

"मग काय, पहाटे झाडूच्या काठीनं पाडलं. मीच. तुझी माकडटोपी इथंच राहिली आहे."