पुलांचा गाव, दोन रात्री

व्हेनिसला जायचं ठरलं तेव्हा आईनं विचारलं, "खर्च किती येईल गं?" बाबांनी विचारलं, "पूल किती चढायचे?" पुण्याहून दोघं दोन महिन्यांसाठी म्युनिकला माझ्याकडे आलेले. पुढची सगळी आखणी या दोन प्रश्नांभोवतीच झाली. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. बाबांचा उजवा गुडघा वर्षभर दुखतोय.

स्वस्तात जायचं तर मेस्त्रेला उतरावं, असं जो तो सांगतो. मेस्त्रे म्हणजे खाडीअलीकडचं, जमिनीवरचं व्हेनिस. तिथून आगगाडीनं दहा-बारा मिनिटांत बेटावर जाता येतं आणि खोल्याही बऱ्याच स्वस्त मिळतात. मीसुद्धा तिथलीच खोली बघत होते. पण जुन्या शहरात आता पन्नास हजारांपेक्षा कमी माणसं राहतात, दिवसा त्यांच्यावर पाहुण्यांचा लोंढा येतो आणि संध्याकाळी तो ओसरतो. हा लोंढा आवरायला २०२४पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी पालिका नुसत्या दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशकर घेऊ लागली. रात्री मुक्काम करणाऱ्यांना तो माफ आहे. ओसरलेलं शहर बघायचं तर आतच झोपायला हवं, हे मला पटलं. मग खोली बेटावर घ्यायची आणि बाकी सगळीकडे हात आखडायचा, असं ठरलं.

महिना नोव्हेंबरचा घेतला. धुकं आणि भरतीच्या पाण्याच्या भीतीनं तेव्हा गर्दी कमी असते, खोल्याही उतरलेल्या असतात. १२ नोव्हेंबर २०१९ला तिथं पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, हे वाचून आई जरा बिचकली. बाबा मात्र खूश झाले. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस! खाडीच्या तीन मुखांवर बसवलेले ७८ दरवाजे त्यांनी चहाच्या टेबलावर बशा मांडून आईला समजावले. दरवाजे आतून पोकळ. एरवी पाणी भरून तळाशी पडून राहतात. भरती वाढणार असली की आत दाबानं हवा सोडतात, पाणी बाहेर जातं आणि दरवाजा वर उठतो. ऑक्टोबर २०२०मध्ये खऱ्या भरतीपुढे ते पहिल्यांदा उचलले गेले आणि शहर कोरडं राहिलं.

ब्रेनर खिंडीतून येणाऱ्या गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपली. खाडीवरचा जवळजवळ चार किलोमीटरचा रेल्वेपूल अंधारातच पार झाला. सामान म्हणजे तिघांच्या पाठीवर तीन सॅक. चाकांची बॅग पायऱ्यापायऱ्यांच्या पुलांवर जड जाते, म्हणून ती घरीच ठेवली होती.

खोली कान्नारेजोमध्ये होती. पत्त्यात गल्लीचं नाव नाही, फक्त भागाचं नाव आणि चार आकडी नंबर. असे सहा भाग आहेत आणि प्रत्येकात घरांचे आकडे सलग धावतात. मी फोनवरचा नकाशा धरून दोनदा थेट कालव्याच्या काठावर येऊन थांबले. बाबा म्हणाले, "अगं, आपल्या पेठांसारखंच आहे हे. घर नंबर अमुक, शनिवार पेठ." त्यांनी भिंतींवरचे आकडे वाचत वाचत दार शोधून काढलं.

त्या दिवशी २१ नोव्हेंबर होता. तारीख मी मुद्दाम धरली होती. १६३०च्या प्लेगमध्ये शहरानं मेरीला नवस बोलला, साथ ओसरली आणि वास्तुकार लोंगेनानं सालूतेचं घुमटाचं देऊळ बांधायला घेतलं. ते पुरं व्हायला १६८७ उजाडलं. अजूनही दरवर्षी मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि सगळं गाव चालत जाऊन तिथं मेणबत्त्या लावतं. आईला हे परकं वाटलंच नाही. आम्हीही गेलो. रांगेत पुढच्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या मेणबत्तीवर आईची पेटवून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई कितीतरी वेळ ती ज्योत हातानं आडोसा धरून सांभाळत होती.

वापोरेत्तो म्हणजे तिथली जलबस. पंचाहत्तर मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, म्हणजे तिघांचे अठ्ठावीस पन्नास. ती चैन एकदाच केली, त्या रात्री सालूतेहून परतताना. एक नंबरची बोट मोठ्या कालव्यानं रेंगाळत जाते. दोन्ही काठांचे महाल, गुडघ्याला आराम, आणि रात्री बोटीत जागाच जागा.

शनिवारी सकाळी सहाला खाली उतरलो तेव्हा गल्लीत हातगाडीवर कचरा नेणारा एक माणूस, एवढंच. मग कालव्यातून बोटी आल्या: पाण्याच्या बाटल्या, खुर्च्या, एकीवर वॉशिंग मशीन. मोटारी नाहीतच, त्यामुळे घरात लागणारं सगळं असंच येतं. बाबा पुलावर कोपर टेकून अर्धा तास ते बघत उभे होते.

दुपारी बाकारोत, म्हणजे तिथल्या छोट्या खानावळीत, उभ्यानं खाल्लं. आईसाठी आर्टिचोक आणि पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. टेबल अडवलं की बऱ्याच ठिकाणी माणशी वेगळा आकार लागतो. पाणी चौकातल्या नळांवर भरून घेत होतो.

गोंडोलाचा सरकारी दर अर्ध्या तासाला नव्वद युरो. आईनं तो ऐकला आणि विषयच मिटवला. पण मोठ्या कालव्यावर पूल चारच, म्हणून मधे मधे त्राघेत्तो चालतो. साधी, बिनसजावटीची मोठी गोंडोला, पुढे एक वल्हेकरी, मागे एक, भाडं दोन युरो. सांता सोफियाहून समोरच्या रियाल्तोच्या मासळीबाजारापर्यंत आम्ही तसे गेलो. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायकांबरोबर उभं राहून! बोट हलली तशी आईनं माझा दंड धरला. वल्ह्याचा आवाज, थंड हवेत पाण्याचा वास, आणि दोन मिनिटांत पैलतीर.

उतरल्यावर मी बाजाराकडे वळले. मागे पाहिलं तर बाबा नाहीत. ते खिशातून दोन युरोचं नाणं काढून परतीच्या रांगेत उभे होते.