एक कडू दाणा

आषाढ लागला की आमच्या घरी दाण्याच्या कुटाचा डबा दर चार दिवसांनी रिकामा होतो. बडोद्यात चार पिढ्या गेल्या, आमटी गोड झाली, पण उपासाची खिचडी आणि तिच्यातला कूट मात्र तसाच राहिला. त्या दाण्यांचीच ही गोष्ट. ती सांगताना आम्हा दोघांना संकोच वाटतो, तरी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला शाळेतील मुलांसाठी दाण्याचे लाडू करून देण्याचे आम्ही कबूल केले होते. दहा किलो दाणे महिनाभर आधीच आणून जिन्याखाली ठेवले. पावसात भिंतीला ओल आली आणि पोत्याचा तळ दमटला. आदल्या रात्री पोते उघडले तर कुबट वास आला. काही दाण्यांवर हिरवट-पिवळी पूडही दिसली. आई म्हणाल्या, "हे राहू द्या, सकाळी नवे आणा." आम्ही म्हटले, "आई, खमंग भाजले की सगळे जाते. अन्न टाकायचे का?" दाणे वरवर पाखडले, भाजले आणि गूळ जरा जास्तच घातला.

शाळेत दुसरीतल्या एका मुलीने पहिलाच घास तोंडातून काढला. "काकू, कडू लागतंय." बाकीची मुले मुकाट्याने खात होती. आम्ही ताटे परत घेतली आणि धावत जाऊन केळी आणली. उरलेले लाडू गाईला घालावेत असे मनात आले, पण आईंनी तेही करू दिले नाही.

मग आम्ही वाचायला बसलो. दमट धान्यावर 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' नावाची बुरशी वाढते व तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत ते सापडले. भाजल्याने बुरशी मरते, पण विष बरेचसे तसेच उरते. त्याला स्वतःची चव नसते, म्हणून दाणा कडू लागला नाही तरी तो निर्धोक असेलच असे नाही. गाईने असे खाद्य खाल्ले तर विषाचा अंश दुधात उतरतो. आईंनी हे कुठे वाचले नव्हते, पण त्यांचे बरोबर होते.

दूर कशाला जावे? आपल्या शेजारच्या पंचमहालात व राजस्थानातील बांसवाड्यात १९७४ साली कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका घरात साठवला गेला. गरीब आदिवासी कुटुंबांपाशी दुसरे धान्य नव्हते, त्यांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. टाकणे त्यांना परवडणारे नव्हते. आम्हाला परवडत होते, हे आठवले की मान खाली जाते.

ती एकदम झालेली विषबाधा होती. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. 'हिपॅटायटिस बी'ची लागण असलेल्यांना हा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणून बाळांना ती लस जरूर द्यावी. एखादा कडू दाणा चुकून खाल्ला म्हणून कोणी घाबरू नये. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

आता आम्ही दाणे थोडे थोडे आणतो, ऊन दाखवतो आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. रविवारी सगळे मिळून निवडायला बसतो. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे बाजूला काढले की विषाचा मोठा भाग तिथेच निघून जातो. डबाच कुबट असेल तर निवडत न बसता सारे टाकतो. विश्वस्तांना एक विनंती केली होती, तीही मान्य झाली: शाळेच्या कोठीतील पोती आता जमिनीवर नसून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर असतात.

ती मुलगी आता चौथीत आहे. मुलांनो, काही कडू वा कुबट लागले तर तिच्यासारखे लगेच सांगा. आणि आपण मोठ्यांनी ते ऐकावे. अन्नाचा मान राखायचा तर ते आधीच नीट जपायला हवे. बिघडलेले मुलांच्या पानात वाढणे म्हणजे मान राखणे नव्हे.